दहा हजार वेळा वाकलेला पापुद्रा

मित्रांनो, आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी आहे. हे सांगावं लागतं, कारण मी दिसत नाही. बंगळूरच्या यशवंतपूर भागात एका कारखानावजा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक वही आहे. तिच्या एकतिसाव्या पानावर मला चिकटपट्टीने डकवलेलं आहे. पान उघडणाऱ्याला वाटतं, प्लास्टिकचा तुकडा असेल. काहींना तेवढंही वाटत नाही. माझ्यातून खालची अक्षरं स्वच्छ दिसतात, आणि लोक मला ओलांडून ती अक्षरं वाचतात. वाचू देत. त्या अक्षरांसाठीच मी हे सगळं सांगणार आहे. गोड करून सांगणार नाही. गोड हवं असेल तर कोपऱ्यावर हलवायाचं दुकान आहे.

मी एक जुना पापुद्रा आहे. तळहाताएवढा लांब, दोन बोटं रुंद. अंगात चांदी आहे, पण पैंजणासारखी वाजणारी आणि मिरवणारी नाही. तुमच्या डोक्याचा एक केस घ्या आणि तो उभा हजार वेळा चिरा. त्यातल्या एका चिरेएवढी बारीक तार, अशा लाखो तारा, एकमेकींवर आडव्यातिडव्या पडलेल्या. वाळलेलं गवत अंगणात विस्कटून पडावं तशा. त्या गवताखाली प्लास्टिकचा पातळ कागद. संपलं. एवढाच मी.

माझं काम काय, तेही ऐका. उन्हापासून वीज करणारा जो सोलर सेल असतो, त्याला वरून एक पांघरूण लागतं. त्या पांघरुणाने उन्हाला आत येऊ द्यायचं आणि आत तयार झालेली वीज बाहेर वाहून न्यायची. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. काचेतून ऊन जातं, वीज जात नाही. तांब्याच्या पत्र्यातून वीज जाते, ऊन जात नाही. दोन्ही जमणारे जगात थोडे. माझ्या आधीपासून हे काम आमचा एक थोरला करत आला आहे. इंडियम नावाचा धातू आणि कथील यांचा तो लेप. कामाला चोख. तुमच्या मोबाईलच्या पडद्यावरही बहुधा तोच बसलेला असतो. पण त्याला वाकवलं की तडा जातो. ताठ राहायची सवय. ज्या सेलला रोज गुंडाळायचं आणि रोज उलगडायचं, तिथे हा ताठपणा काय कामाचा? म्हणून मला जन्माला घातलं. माझ्या तारा एकमेकींवरून घसरतात, वाकतात, पण हात सोडत नाहीत. त्यांच्यामधल्या फटींतून ऊन खाली जातं आणि तारांवरून वीज धावते.

मला बनवलं वसुमतीने. संक्रांतीच्या आठवड्यात.

काचेच्या चंबूत एक घट्टसर, गोडूस द्रव तापवायचा, त्यात चांदीचं मीठ थेंबाथेंबाने सोडायचं आणि बघत बसायचं. आधी पिवळा रंग येतो, मग राखाडी, आणि शेवटी चंबू हलवला की आत रेशीम फिरल्यासारखं चमकतं. त्या चमकीत मी होतो. मग ते पाणी प्लास्टिकवर ओतून त्यावरून तार गुंडाळलेली एक सळई ओढायची. एकदाच, एका वेगाने. हात मध्ये थांबला की तिथे पट्टा उमटतो आणि सगळं वाया जातं. त्या मजल्यावर पदवीवाले सहा जण होते. सळई ओढायला सगळे वसुमतीलाच बोलवायचे.

वसुमतीला पदवी नाही. आयटीआय केलेलं आहे. तिच्या सासरचं आणि माहेरचं, दोन्ही घराणी शेकडो वर्षं इथेच असलेली मराठी घराणी. घरी मराठी, दारात कन्नड, कामावर जे समोर येईल ते. यंत्रांची इंग्रजी पुस्तकं तिने एकेक शब्द अडत अडत स्वतः वाचून काढली. कोणी शिकवलं नाही. शिकवायला वेळ कोणाला होता?

तिचे वडील शिंपी होते. कापड कापलं की त्यातला बोटभर तुकडा ते पावतीला टाचून ठेवायचे. गिऱ्हाईक उद्या म्हणालं, हे माझं कापडच नव्हे, तर दाखवायला हाताशी असावा. तीच रीत वसुमतीने इथे आणली. नवा रोल तयार झाला की पहिल्याच दिवशी ती त्यातली एक पट्टी कापायची, कागदाच्या पाकिटात घालायची, वर तारीख लिहायची आणि पाकीट आपल्या खणात ठेवायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. उलट हसायचे. रोल क्रमांक चारची ती पट्टी म्हणजे मी.

माझी बाकीची भावंडं, म्हणजे तो अख्खा रोल, शेल्फवर गेली. मी अंधारात राहिलो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ती जाणार होती उन्हात, कामाला, आणि मी पाकिटात. पण पाकिटात असलो तरी ऐकू येतं. आणि तेव्हा जे ऐकलं ते बरंच कौतुकाचं होतं.

आमच्या कंपनीचे मुख्य म्हणजे शरच्चंद्र. पुण्याहून आलेले. हुशार माणूस, ते मी नाकारत नाही. वाकवायच्या यंत्रावर वसुमतीने रोल क्रमांक चारची एक पट्टी दहा हजार वेळा वाकवली, दर पाचशेला आकडा लिहिला, आणि दहा हजारालाही वीज जवळपास पहिल्यासारखीच वाहत होती. तेव्हा ते टाळ्या वाजवत म्हणाले, “सुपर्ब! वसुमती, तू तर आमची स्टार आहेस!”

दुसरी एक गोष्ट सांगतो, लक्षात ठेवा. शरच्चंद्रांचं जेवण रोज बाहेरून यायचं. सांबाराच्या, चटणीच्या पिशव्यांच्या तोंडाला रबर असायचे. ते एकही रबर टाकायचे नाहीत. धुवायचे, पुसायचे आणि प्रयोगशाळेच्या दाराच्या मुठीवर चढवायचे. लाल, निळे, पिवळे. मूठ अशी गच्च झाली होती की दार उघडताना हाताला लोखंड लागायचंच नाही.

“आमच्या आईची सवय,” ते अभिमानाने सांगायचे. “घरातलं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडे अजून तीस वर्षांपूर्वीचे रबर आहेत.”

“ते तुटत नाहीत का, सर?” कोणीतरी विचारलं.

“तुटले तर गाठ मारायची.”

फेब्रुवारीच्या अखेरीस जयनगरमध्ये पहिली चाचणी सुरू झाली. तिथल्या एका रस्त्यावर मंजुनाथची, भेळेसारख्या चुरमुरीची गाडी उभी असते. सगळे त्याला मंजण्णा म्हणतात. त्याच्या गाडीवर आमच्या सेलचं छत घातलं. दिवसा ते ऊन खायचं, दुपारी एक छोटा पंखा चालवायचं आणि संध्याकाळी दिवा. रात्री घरी जाताना मंजण्णा छत गुंडाळायचा, सकाळी उलगडायचा. रोज. म्हणजे माझ्या भावंडांची खरी परीक्षा तिथे होती.

बावीस दिवस ते छान चाललं. तेविसाव्या दिवशी दिवा लागला नाही.

मंजण्णा छताची गुंडाळी खांद्यावर घेऊन बसने यशवंतपूरला आला. तो कन्नडमध्ये बोलत होता, वसुमती मराठीत सांगत होती.

“त्यांनी घडी घातली असेल,” शरच्चंद्र म्हणाले. “विचार त्यांना. घडी घातली की काय?”

मंजण्णा भडकला. “घडी? अक्का, सांगा तुमच्या सरांना. मी हे केळीच्या पानासारखं गुंडाळतो. माझ्या बायकोच्या रेशमी साडीला मी इतकं जपलेलं नाही. आणि तिला हे कळलंय!”

कोणीतरी हसलं. शरच्चंद्र हसले नाहीत. त्यांनी शेल्फवरून उरलेला रोल उतरवला, त्याची या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी पट्टी कापली आणि मीटर लावला. एकदाही वाकवलेली नव्हती ती पट्टी. मीटरने काही दाखवलंच नाही. म्हणजे वीज जातच नव्हती.

मग त्यांनी वही उघडली.

“वसुमती, हे शून्यालाच डेड आहे. झीरो बेंड्स. आणि तुझ्या वहीत दहा हजाराला ओके. कसं काय?”

“जानेवारीत जसं होतं तसं लिहिलं, सर.”

“मशीन लावून जेवायला गेली असशील. होतं असं. पण मग आकडे मनाने भरायचे नसतात.”

“मी मशीनसमोर बसून जेवते. साडेसात हजाराच्या ओळीवर सांबाराचा डाग आहे, बघा.”

डाग होता. त्यांनी तो बघितलाही. पण मित्रांनो, माणसाने एकदा ठरवलं की डागाचाही पुरावा होतो. ते म्हणाले, “म्हणजे लक्ष जेवणावर होतं.”

त्यांनी लाल पेनाने त्या पानावर खाली लिहिलं : नोंद संशयास्पद. सही केली. आणि सांगितलं की सोमवारपासून वसुमतीने पॅकिंगला बसायचं, चाचणीची वही दुसरं कोणी लिहील. मंजण्णालाही सांगितलं की छत तुम्ही बिघडवलंत, आम्ही दुसरी जागा बघतो.

बघा कसं असतं. त्या मजल्यावर पदवीवाल्याचं चुकलं की ती चूक असायची. पदवी नसलेल्याचं चुकलं की ती लबाडी. ज्याने हाताने काम केलं त्याच्याच हाताकडे आधी बोट. मी पाकिटात होतो. मला ओरडता आलं असतं तर मी खण फोडून बाहेर आलो असतो. त्याच रोलचा, त्याच दिवसाचा, त्याच चांदीचा मी तिथेच होतो, धडधाकट. पण न दिसणाऱ्याचा आवाजही कोणाला येत नाही.

वसुमती रडली नाही. तिने खण रिकामा केला. डबा, स्वेटर, एक फुटपट्टी आणि तारखांची पाकिटं. ती पाकिटं तिने पिशवीत टाकली आणि मी पहिल्यांदा त्या इमारतीच्या बाहेर पडलो.

तो शनिवार होता, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. वसुमतीच्या घरी त्या संध्याकाळी गुढीची तयारी चालली होती. तिची सासू गोजराबाई कपाटातून चांदीचा तांब्या काढत होती, गुढीवर चढवायचा तो. वसुमतीची पिशवी तिथेच पाटावर होती आणि पाकिटाच्या कडेला बारीक फट होती, म्हणून मला सगळं दिसलं.

गोजराबाईने तांब्या दिव्याखाली धरला आणि किंचाळलीच. “हे कोणी बांधलं? कोणी?”

वसुमतीचा नवरा खंडोजी वर्तमानपत्रामागून म्हणाला, “मीच. मागल्या वर्षी. तोंडाला फडकं लावलं, ते निसटत होतं, म्हणून रबर.”

“निसटत तुझं डोकं होतं! चांदीला रबर बांधतात व्हय रे? बघ, मानेला कसा काळा पट्टा पडलाय. बाकीचा तांब्या स्वच्छ आणि मानेला फास लावल्यासारखं.”

“स्वल्प चिंच लाव, निघेल.”

“मग तूच लाव. आणि तूच घास. रबरात गंधक असतंय रे बाबा. माझे वडील सराफाकडं पॉलिशला होते. चांदीजवळ रबर दिसला की पोरांना पाठीत धपाटा घालायचे.”

वसुमती गुढीची साडी निऱ्या घालून बांधत होती. तिचे हात थांबले. ती उठली, तांब्या घेतला आणि काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

“आत्या,” ती सासूला आत्या म्हणते, “हे व्हायला वर्ष लागतं का?”

“वर्ष कशाला? चार आठवड्यांत पिवळी पडाय लागते. बारीक तार असली तर आणखी लवकर. पैंजणाची कडी बघ, तीच आधी काळी पडते.”

वसुमतीने तांब्या पाटावर ठेवला. “दाराची मूठ,” ती म्हणाली.

“कसली मूठ?”

“काही नाही. आत्या, हा तांब्या घासू नका.”

“अय्यो! पाडव्याला काळ्या मानेचा तांब्या चढवू गुढीवर? लोक काय म्हणतील?”

“यंदा असाच चढवा. मला सोमवारी तो कामावर न्यायचाय. माझ्या नावावर लाल शाईने लिहिलंय, आत्या. ते पुसायचंय.”

गोजराबाईने तिच्याकडे नीट बघितलं. ती काही फार मायाळू बाई नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर आठवडाभर आठवण करून देते. पण ती म्हणाली, “सरी, बरं. देवाला चालतंय का ते मला विचारू नको. मी सांगते, चालतंय.”

रविवारी त्या घरावर काळ्या मानेचा तांब्या उपडा घातलेली गुढी उभी राहिली. शेजारच्या अक्कांनी विचारलं तेव्हा गोजराबाईने सांगितलं, “यंदा आमची गुढी साक्षीला जाणार आहे.”

सोमवारी वसुमती पॅकिंगला बसली नाही. ती सरळ शरच्चंद्रांच्या काचेच्या केबिनसमोर गेली आणि तिथल्या टेबलावर तांब्या ठेवला.

“हे काय आहे?” शरच्चंद्रांनी दारातून विचारलं.

“चांदी, सर. इथे रबर होता.”

“वसुमती, लिसन. हे किचनमधलं लॉजिक इथे नको. तांब्या वेगळा, नॅनोवायर वेगळी. मला दहा मिनिटांत कॉल आहे.”

“तुम्ही पट्टीच्या दोन टोकांना मीटर लावलात. वीज जात नाही एवढंच कळलं. कुठे तुटलंय ते कोणी बघितलं नाही. दोन-दोन बोटांवर मोजा.”

“कॉल आहे म्हटलं ना.”

“सरी,” वसुमती म्हणाली. “मग तुमचं होईपर्यंत मी वाकवते.”

तिने पाकीट फोडलं आणि मला बाहेर काढलं. अडीच महिन्यांनी माझ्या अंगभर उजेड पडला. तिने माझ्या दोन्ही टोकांना मीटर लावला : अडतीस ओहम. हा वीज अडण्याचा आकडा, जितका कमी तितका रस्ता मोकळा. जानेवारीत पाकिटावर लिहिलेला आकडाही अडतीसच. मग तिने बोटाएवढी जाड स्टीलची सळई टेबलाला बांधली, मला तिच्यावरून वाकवलं आणि सरळ केलं. एक. पुन्हा वाकवलं. दोन.

यंत्राला हात लावायची तिला परवानगी नव्हती. म्हणून हाताने. दहा हजार.

मित्रांनो, वाकताना दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखतं. माझ्या तारा ताणल्या जातात, एकमेकींवर घासतात. पण ज्या कामासाठी आपण जन्मलो त्या कामाचं दुखणं वेगळं असतं. त्यात कमीपणा नसतो. कमीपणा पाकिटात होता.

शंभर झाले की ती वहीच्या मागच्या पानावर एक रेघ ओढायची. सकाळी नऊला सुरू केलं. साडेदहाला तिच्या अंगठ्याची कड लाल झाली होती. कोणीतरी म्हणालं, “अगं, पुरे.” ती म्हणाली, “अठ्ठावीसशे सोळा.” आणि वाकवत राहिली.

शरच्चंद्र कॉल संपवून बाहेर आले. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

“मी मोजतो,” ते म्हणाले.

“का? माझ्या मोजण्यावर भरवसा नाही म्हणून?”

“हो,” ते म्हणाले. “नाही म्हणूनच.”

हे मला आवडलं. तोंडावर खोटं तरी बोलले नाहीत.

“बरंच झालं,” वसुमती म्हणाली. “बोला. एकतीसशे बावन्न.”

“एकतीसशे त्रेपन्न.”

असं चाललं. ती वाकवायची, ते मोजायचे. त्यांनी मोजायला घेतल्यावर चुकायची सोयच राहिली नाही. चार हजाराला त्यांनी मीटर लावला : एकोणचाळीस. त्यांनी भुवई उचलली. सहा हजाराला चाळीस. जेवण आलं. सांबाराची पिशवी टेबलावर थंड होत पडून राहिली. त्यांनी तिला हात लावला नाही, कारण हात लावला तर मोजणं सुटलं असतं. साडेसात हजाराला वसुमती म्हणाली, “इथे मी जेवत होते.” ते पुढचा आकडा म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

दहा हजार पूर्ण झाले तेव्हा तिच्या अंगठ्याला फोड आला होता आणि माझ्या मधोमध पांढुरकी रेघ उमटली होती. मीटर लावला. त्रेचाळीस ओहम.

मी मोडलो नव्हतो. वाकून वाकून थकलो होतो, पण माझ्यातून वीज जात होती.

“मग रोलला काय झालं?” शरच्चंद्र स्वतःशीच म्हणाले. ते उठले, शेल्फवरून रोल क्रमांक चार घेतला. त्याला दोन्ही टोकांपासून चार-चार बोटांवर एकेक निळा रबर बांधलेला होता, दाराच्या मुठीवरचाच. त्यांनी तो सवयीने काढला. एक. दुसरा. टाकायचे नाहीत ना! दोन्ही त्यांनी सवयीने मनगटात घातले आणि रोल टेबलावर पसरला.

मग दोन-दोन बोटांवर मीटर लावत निघाले. मधला भाग ठीक. त्याच्या पुढचा ठीक. त्याच्या पुढचाही ठीक. कडेपासून चार बोटांवर आले आणि मीटरने हात वर केले. पलीकडे पुन्हा ठीक. दुसऱ्या बाजूने मोजलं, तिथेही चार बोटांवर तेच. मधे, जिथे वाकतं तिथे, काहीच झालेलं नव्हतं. कडांजवळ दोन रेघांवर चांदी मेली होती. छतामध्ये तयार झालेली वीज कडेच्या पट्टीपर्यंत यायची असते, आणि कडेच्या आधी चार बोटांवर रस्ताच खचलेला. सुरुवातीला त्या तारा अर्धमेल्या होत्या, म्हणून बावीस दिवस तग धरला. नंतर उन्हाने आणि विजेने उरलेल्याही तुटल्या.

“बाहेरच्या वेढ्यालाच आहे,” शरच्चंद्र म्हणाले. “आतल्या वेढ्यांत कमी.”

“जितक्यांदा कापलं तितक्यांदा तुम्ही पुन्हा बांधलंत, सर. चांदीची बाजू बाहेर. वरचा संरक्षक लेप आपण सेल बनवताना देतो. तोवर चांदी उघडीच.”

त्यांनी रोलवरच्या जागेकडे बघितलं. मग हातातला मीटर खाली ठेवायला गेले आणि त्यांना आपलं मनगट दिसलं. दोन निळे रबर. त्यांनी तांब्या उचलला, त्याची मान बघितली.

“मी बांधले,” ते म्हणाले. “सगळे रोल मीच बांधतो. वसुमती, आय अॅम सॉरी. खरंच.”

सगळ्यांना वाटलं, झालं. आता ती म्हणेल, जाऊ द्या सर, होतं असं. आपल्याकडे तसंच म्हणायची रीत आहे. वरच्या माणसाने सॉरी म्हटलं की खालच्याने लगेच मोठं मन दाखवायचं.

वसुमतीने वही पुढे सरकवली. “तोंडी नको, सर. तुम्ही लिहून म्हणालात. लिहूनच मागे घ्या.”

“मी ती ओळ खोडतो.”

“खोडू नका. खोडलं की उद्या वाचणाऱ्याला वाटेल, काहीतरी दडवलंय. खाली लिहा. काय झालं आणि कोणाकडून झालं.”

त्यांनी पेन हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. पुण्याची चांगली नोकरी सोडून आलेला, सगळ्यांना शिकवणारा माणूस. दहा हजार वेळा वाकणं मला जेवढं जड गेलं नाही, तेवढं त्यांना एकदा वाकणं जड गेलं. मी समोरच होतो, मी बघितलं.

पण लिहिलं त्यांनी. लिहून झाल्यावर वसुमतीने वाचलं आणि म्हणाली, “आता मंजण्णाला फोन करा. त्यालाही तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.”

“मला कन्नड कुठे येतं?”

“‘तप्पु नंदे’ म्हणा. माझीच चूक, एवढाच अर्थ आहे. दोन शब्द आहेत, येतील.”

मंजण्णाने फोनवर काय ऐकलं कोण जाणे, पण त्याचं हसणं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. तो म्हणाला, “सर, माझी बायको मला म्हणतेय, बघा, तुमच्या साहेबांना कन्नड बोलता येतं!”

ही गोष्ट मागच्या पाडव्याची. रोलच्या आतल्या वेढ्यांतून दुसरं छत बनलं. ते जयनगरला मंजण्णाच्या गाडीवर अजून आहे. रोज संध्याकाळी तो ते गुंडाळतो आणि वसुमतीने शिवून दिलेल्या सुती नाडीने बांधतो. दाराची मूठ मोकळी झाली. आता दार उघडताना हाताला थंड लोखंड लागतं. चाचणीची वही वसुमतीकडेच आहे. आणि प्रत्येक नव्या रोलची एक पट्टी पाकिटात ठेवायची, हे आता तिथे नियमात आहे. त्यावर कोणी हसत नाही.

मी पुन्हा कामाला लागलो नाही. माझी चांदी हळूहळू मंद होते आहे, कडा पिवळसर झाल्या आहेत. मोठ्या छतांमध्ये माझी गणती कधीच नव्हती. मला याचं दुःख आहे का? आहे. मलाही एक दिवस ऊन खायचं होतं आणि कुठेतरी एखादा दिवा लावायचा होता. ते राहिलं. पण ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी मी मोडलो नाही.

मित्रांनो, तुमच्या हाताशी एखादी वस्तू बिघडेल, एखादं माणूस कामाला येईनासं होईल. तेव्हा ते वाकलं म्हणून मोडलं, असं पटकन म्हणू नका. त्याला कुठे आणि काय आवळून ठेवलं होतं ते आधी बघा. ती गाठ बहुतेक वेळा आपल्याच घरातल्या एखाद्या चांगल्या सवयीची असते, म्हणून दिसत नाही. आणि दिसली, तर तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका. जिथे आरोप लिहिलात तिथेच, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.

वसुमतीने मला त्या पानावर मुद्दाम तिथेच डकवलं आहे, त्या दोन ओळींवर. मला ओलांडून वाचा, मी आडवा येत नाही. वर लाल शाईत आहे : नोंद संशयास्पद. आणि त्याखाली त्याच हाताचं, निळ्या शाईत : नोंद बरोबर आहे. रोलला रबर मी बांधला होता. शरच्चंद्र.